लॅपटॉप : गुढीपाडव्याआधी घ्यावा की नव्या मॉडेलसाठी दिवाळीपर्यंत थांबावं? (मेकॅनिकल, बजेट ७० हजार, कोल्हापूर)

पॅटर्नशॉप_शिरोली

नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज गोकुळ शिरगावला. घरातला लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. सॉलिडवर्क्समध्ये (मशीनचे भाग काढायचं कॅड सॉफ्टवेअर) जरा मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) उघडली की पंखा ओरडायला लागतो आणि मॉडेल फिरवायला गेलं की अडकत अडकत फिरतं. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे बदलायचा हे ठरलंय, कधी तेवढं ठरत नाही.

भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, "मामा, जानेवारीत इंटेलच्या नव्या चिप आल्यात, एएमडीच्या पण आल्यात. आत्ता घेतलात तर जुना माल गळ्यात पडेल, दिवाळीपर्यंत थांबा." राजारामपुरीतला दुकानदार म्हणतो, रॅमचे दर चढलेत, पाडव्याचीही वाट बघू नका. दुकानदाराला माल खपवायचा असतो हे मला कळतं, पण माणूस ओळखीचा आहे, उगीच घाई करणारा नाही.

काम म्हणजे सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, थोडं अ‍ॅन्सिस (भाग ताण सोसेल का ते तपासणारं सॉफ्टवेअर), आणि जुलैपासून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. गेम खेळत नाही. रोज बसने जाते, त्यामुळे वजनही बघायचंय. पैसे साठवलेत, हप्ता नको. घरच्यांची इच्छा पाडव्याला वस्तू घरात यावी अशी. मोकळेपणाने सांगा.

रंकाळा_संध्याकाळ

घेऊन टाका की काका. प्रोजेक्ट जुलैत सुरू होणार आणि लॅपटॉप दिवाळीला येणार, तर मधले चार महिने पोरीनं काय करायचं? लॅबमध्ये पीसीसाठी नंबर लावायचा? काम आधी बघायचं, मॉडेल मागनं.

कॅडवाला_उद्यमनगर

मी रोज सॉलिडवर्क्सवरच बसतो, कास्टिंगची डिझाइनं करतो. म्हणून कामाच्या बाजूने सांगतो.

सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रीबिल्ड (बदलानंतर पुन्हा तयार) होताना बहुतेक भार चिपमधल्या एकाच कोअरवर (आकडेमोड करणाऱ्या भागावर) येतो. त्यामुळे चोवीस कोअरची चिप घेऊन फार काही हाताला लागत नाही, एक कोअर किती जोरात पळतो ते महत्त्वाचं. अ‍ॅन्सिसचं उलटं आहे, त्याला कोअर आणि रॅम दोन्ही हवं. मुलगी विद्यार्थी आवृत्ती वापरणार, तिच्यात मेशच्या (मॉडेलचे बारीक तुकडे पाडलेल्या जाळीच्या) आकाराला मर्यादाच असते, त्यामुळे ५० हजाराचं ग्राफिक्स कार्ड असलं तरी मोठं मॉडेल सोडवता येणार नाही. १६ जीबी रॅम मात्र पाहिजेच. असेंब्ली, ड्रॉइंग, ब्राउझर आणि पीडीएफ एकत्र उघडं असलं की ८ जीबीत जीव गुदमरतो.

ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेलं बरं. आरटीएक्स ३०५० पुष्कळ झालं. हे कार्ड सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत नसतं, त्यामुळे रिअलव्ह्यू नावाचा चकचकीत देखावा चालू होणार नाही. शिकण्यात त्याने काहीही अडत नाही, माझ्या टेबलावरही तो बंदच असतो.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. दुकानात स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप दाखवतील. हलके असतात, बॅटरी फार वेळ चालते, बघता क्षणी आवडतात. ते घेऊ नका. ती एआरएम चिप आहे, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेची, सॉलिडवर्क्स तिच्यावर अधिकृतपणे चालत नाही. मॅकचंही तेच. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, सॉलिडवर्क्सची नाही. मेकॅनिकलच्या पोरांनी इंटेल किंवा एएमडीच घ्यावं.

शाहूपुरीकर

सप्टेंबरात जीएसटी कमी झाला ना? मग लॅपटॉप स्वस्त व्हायला पाहिजेत. दुकानदार जुन्या दरानं देत असेल तर विचारा.

हिशेबनीस_लक्ष्मीपुरी

शाहूपुरीकर दादा, २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, पण ते एसी, ३२ इंचाच्या वरचे टीव्ही अशा वस्तूंचे. ते २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होता आणि तिथंच आहे. तेव्हा यात दुकानदाराकडे काही मागायला जागा नाही.

चिपचा_अभ्यास

भाच्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, तुमच्या बजेटला लागू पडत नाही. इंटेलची कोअर अल्ट्रा सिरीज ३ जानेवारी २०२६ मध्ये आली. चिप चांगली आहे, बॅटरी आणि आतलं ग्राफिक्स दोन्हीत मोठी झेप आहे. पण नवी पिढी आधी महागड्या मॉडेलमध्ये येते. ७० हजारांच्या कप्प्यात ती उतरायला बराच काळ जातो, आणि उतरते तेव्हाही कमी कोअरची आवृत्ती, साधा स्क्रीन, प्लॅस्टिकची बॉडी अशा रूपात उतरते. दिवाळीला तुम्ही ७० हजार घेऊन गेलात तरी समोर बहुधा आत्ताचीच चिप असेल, नवं नाव लावून.

नावाचं मी अंदाजाने म्हणत नाही. इंटेलच्या आय५-१२४५०एच मध्ये चार मोठे कोअर आणि चार छोटे. पुढच्या वर्षी आय५-१३४२०एच आली, तिच्यात चार मोठे, चार छोटे. २०२५ मध्ये "कोअर ५ २१०एच" आली, तिच्यातही चार मोठे, चार छोटे. कमाल वेग ४.४ वरून ४.६ आणि मग ४.८ गिगाहर्ट्झ झाला, बाकी घर तेच आहे. तेव्हा १३४२०एच स्वस्त मिळत असेल तर "२१०एच नवीन आहे" म्हणून पाच हजार जास्त देऊ नका.

एएमडीत याहून जपायला लागतं. ७००० मालिकेत तिसरा अंक बघायचा. ७५२०यू मध्ये तिसरा अंक २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या चिपच्या रचनेचं नाव), ती रचना २०१९ ची. ७७३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. ७८४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून गिऱ्हाईक सगळ्या एकाच वर्षाच्या समजतं. ७५२०यू तर सॉलिडवर्क्ससाठी अजिबात घेऊ नये, चारच कोअर आहेत.

पॅटर्नशॉप_शिरोली

हा तिसरा अंक मला ठाऊकच नव्हता, बरं झालं सांगितलंत. आता दुकानदाराने दाखवलेले दोन सांगतो.

पहिला : आय५-१३४२०एच, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० ६ जीबी. ६८ च्या आसपास. वजन सव्वादोन किलोच्या वर.

दुसरा : रायझन ७ ७७३०यू, १६ जीबी, ५१२ जीबी, वेगळं ग्राफिक्स नाही. ५५ च्या आसपास. दीड किलो.

शिवाय पहिलाच ८ जीबीत पाच-सहा हजारांनी स्वस्त आहे. तो घेऊन पुढच्या वर्षी रॅम वाढवली तर? आणि रॅमचं खरंच एवढं काय झालंय?

मेमरी_आणि_मी

८ जीबीवाला घेऊ नका. "आत्ता कमी घ्या, पुढं टाकू" हा सल्ला इतकी वर्षं आम्ही सगळेच देत आलो आणि तो खरा होता, कारण रॅमची पट्टी दर वर्षी स्वस्त व्हायची. २०२५ च्या उत्तरार्धापासून चित्र उलटं झालंय.

जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, तिच्यात नफा जास्त. वेफर (चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या) तेच, कारखाने तेच, त्यामुळे कंपन्यांनी माल तिकडे वळवला आणि तुमच्या-आमच्या डीडीआर४, डीडीआर५ चा तुटवडा झाला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की ग्राहकांसाठीचा क्रुशिअल हा ब्रँडच बंद करणार. आपल्याकडं जुन्या लॅपटॉपमध्ये टाकायला किती जणांनी क्रुशिअलची पट्टी घेतली असेल. सुट्या पट्टीचे दर कितीतरी पटींनी चढले, एसएसडीही त्याच वाटेवर आहे. आणि मेमरीचा नवा कारखाना उभा करून माल बाहेर पडायला वर्षं लागतात, दिवाळीपर्यंत काही सुटणारं प्रकरण नाही.

लॅपटॉप कंपन्यांकडे जुन्या दराने घेतलेली मेमरी असते तोवर किंमत टिकते, मग नव्या खेपेला वाढते. दुकानात आज पडलेला माल जुन्या खेपेचा असेल तर तो लवकर उचलावा. तुमचा दुकानदार या बाबतीत खरं बोलतोय.

म्हणून एरवी "थांबा" म्हणणारा मी या वेळी "१६ जीबीवाला घ्या आणि आत्ता घ्या" म्हणतो. पाच-सहा हजारात ८ जीबी जास्त मिळतेय, तेवढ्यात ती पुढच्या वर्षी सुटी मिळेल याचा भरवसा मला वाटत नाही.

पन्हाळ्याची_वाट

मी जरा वेगळं म्हणते. सगळे घ्या घ्या म्हणताहेत, पण कॉलेजच्या लॅबमध्ये सॉलिडवर्क्स असेल आणि प्रोजेक्टला जोडीदाराचा चांगला लॅपटॉप असेल, तर घाई नाही. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही पडत नाहीत. जुन्यात साधी एसएसडी टाकली तरी तो बराच हलका वाटेल. माझ्या भावाने तसंच केलं आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या पसंतीचा घेतला. ७० हजार ही लहान रक्कम नाही.

कॅडवाला_उद्यमनगर

ताई, अकाउंट्स किंवा टायपिंगचं काम असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण कॅड शिकणारी मुलं घरी रात्री बसून जे करतात त्यातनंच हात बसतो. एखादा पंपाचा केसिंग घ्यायचा, आपणच मोजायचा, आपणच काढायचा. लॅबच्या दोन तासांत स्केच संपेपर्यंत वेळ होते. शिरोली आणि कागलच्या कंपन्यांत मुलाखतीला गेलं की समोर भाग ठेवतात आणि "काढून दाखवा" म्हणतात. मी स्वतः पोरांची अशी परीक्षा घेतो. सफाई असलेला हात लगेच दिसतो.

काका, माझं मत पहिल्याला. ७७३०यू वर अभ्यासक्रमाचं काम होईल, पण मोठ्या असेंब्लीत पुन्हा अडखळणं आलंच. वजनाचा त्रास खरा आहे, चार्जर धरून पावणेतीन किलोच्या घरात जाईल. चार्जर कॉलेजला रोज लागतो का तेवढं मुलीला विचारा.

दुकानात_काय_बघाल

घ्यायचंच ठरलं तर दुकानातलं सांगतो, हे काम मी बरीच वर्षं केलंय.

खोका सीलबंद आहे ना बघा. तो तुमच्यासमोर उघडायला लावा. खोक्यावरचा सीरियल नंबर आणि लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर जुळवा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीय ते मोबाईलवर तिथंच बघा. कधी कधी डिस्प्लेला लावलेला पीस पुन्हा खोक्यात जातो आणि त्याची वॉरंटी आधीच पळायला लागलेली असते.

मग चालू करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथं स्लॉट किती आणि वापरात किती ते लिहिलेलं असतं. १६ जीबी एकाच पट्टीत असेल तर एक स्लॉट मोकळा मिळतो, दोन आठाच्या असतील तर वेग थोडा बरा मिळतो. दोन्ही चालतात. पूर्ण बोर्डवर चिकटवलेली असेल तर पुढं वाढवता येणार नाही, एवढं लक्षात ठेवून घ्या.

३०५० किती वॉटचं आहे ते विचारा. नाव एकच असतं, पण पातळ लॅपटॉपमध्ये त्याला वीज कमी दिलेली असते आणि काम त्या मानानं कमी होतं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या पानावर टीजीपी म्हणून आकडा असतो.

स्क्रीनचा रंग बघा. कागदावर ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग फिकट दिसणार. कॅडला त्यानं बिघडत नाही, पण आठ तास बघणाऱ्या डोळ्यांना फरक पडतो. झाकण एका हातानं उघडून बघा, बिजागरी कुरकुरली तर दुसरा पीस मागा.

आणि सर्व्हिस घरी येऊन देणार की आपण नेऊन द्यायचं, हे बिल करायच्या आधी विचारा. कोल्हापुरात सेंटर नसलेल्या कंपनीचा घेतला तर पुण्याला पाठवण्यात दिवस जातात, आणि ते नेमके सबमिशनचे असतात.

पॅटर्नशॉप_शिरोली

मंडळी, मनापासून आभार. मुलीला धागा वाचायला दिला. चार्जर रोज न्यायला लागणार नाही म्हणाली, लॅबमध्ये मैत्रिणीचा त्याच कंपनीचा आहे. पहिलाच घ्यायचा, १६ जीबी. भाच्यालाही चिपची ती साखळी वाचून दाखवली, या बजेटला तोही आता घ्या म्हणतोय.

पाडव्याचं राहिलं. आत्ता बिल करून खोका दुकानातच ठेवावा आणि पाडव्याला आणावा असं घरी चाललंय. चालेल का?

दुकानात_काय_बघाल

तसं करू नका काका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, आणि सुरुवातीला बिघाड निघाला तर पीस बदलून द्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती खोक्यात पडून संपायला नको. आत्ता आणा, पहिल्या आठवड्यात मुलीला भरपूर वापरू द्या, मोठी असेंब्ली उघडा, तासभर अ‍ॅन्सिस चालवा, सगळे पोर्ट तपासा. पाडव्याला गुढीजवळ ठेवून हळदीकुंकू वाहा, पूजा तेव्हाच होऊ दे.

पॅटर्नशॉप_शिरोली

हे घरी पटलं. शनिवारी मुलीला घेऊन जातो. जुन्याचं काय करावं? मोडीत द्यायला मन होत नाही.

पन्हाळ्याची_वाट

त्याचे फार पैसे येणार नाहीत. ठेवा घरी, पण अपडेट वाढवून घेतले तरी ऑक्टोबर २०२६ नंतर त्यावर बँकेचं काम करू नका. आणि द्यायचाच झाला तर डिस्क काढून घेऊन द्या, मुलीची कागदपत्रं असतील त्यावर.