मदत हवी आहे: गाडीचे दिवे एलईडी करतोय, इंडिकेटर आणि हेडलाइटपाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी आहे. एंजिन ठणठणीत आहे, पण दिवे सगळे तारेच्या बल्बचे. छताचा दिवा इतका मिणमिणता होता की रात्री उतरताना मागे बसलेल्या आईला दाराची कड दिसायची नाही. तिचं पाऊल अडखळू नये म्हणून सुरुवात तिथून केली आणि आता एकेक करत सगळेच दिवे बदलावेत असं मनात आहे. आतलं काम बरंचसं झालंय, बाहेरचं अडलंय. जाणकारांनी वाट दाखवावी.

आधी झालेलं काम सांगतो, म्हणजे मागून येणाऱ्यालाही उपयोग होईल. छताचा आणि डिक्कीचा बल्ब दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला, नळीसारखा. हे बल्ब ३१, ३६, ३९, ४१ मिमी अशा वेगवेगळ्या लांबीचे मिळतात, त्यामुळे जुना बल्ब पट्टीवर मोजूनच नवा घ्यावा. ३९ च्या जागी ३६ चा बसल्यासारखा वाटतो, पण पत्र्याची क्लिप त्याला नीट धरत नाही आणि खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकतो. नंबर प्लेटचे आणि पुढचे पार्किंगचे बल्ब टी१०, म्हणजे ५ वॅटचे, टोपी नसलेले, काचेच्या चपट्या बुडाचे. ते नुसते ओढले की निघतात. एलईडीला उलट-सुलट कळतं. लावल्यावर पेटला नाही तर खराब समजून टाकू नका, काढून फिरवून लावा.

रंगाचं मला विशेष सांगायचंय. आत ६५०० केल्विनचा निळसर पांढरा लावू नये असं माझं ठाम मत आहे. अंधारातून आत बसणाऱ्याच्या डोळ्यांत तो टोचतो. मी ४००० च्या आसपासचा घेतला. आईला त्यात पर्सची चेनही दिसते आणि डोळेही मिटावे लागत नाहीत.

आता अडचणी.

छताचा दिवा दार बंद करून गाडी लॉक केल्यावरही अगदी फिकट पेटलेला राहतो. दिवसा कळत नाही, रात्री काचेतून स्पष्ट दिसतो. याने बॅटरी उतरेल का?

इंडिकेटरला एलईडी लावून पाहिले, तर दुपटीपेक्षा जास्त वेगाने टिकटिकायला लागले. जुने बल्ब परत लावले की सगळं ठीक. काही जण रेझिस्टर (जास्तीचा करंट ओढणारा रोधक) टाका म्हणतात, काही जण रिले (इंडिकेटर टिकटिकवणारा स्विच) बदला म्हणतात. टिकाऊ आणि सुरक्षित काय? इंडिकेटरची काच पारदर्शक आहे, बल्ब नारिंगी. मागचे ब्रेक-टेल एकाच बल्बमध्ये आहेत, पी२१/५डब्ल्यू. काच लालच आहे, मग आत पांढरा एलईडी घातला तर जास्त उजेड पडेल ना?

सगळ्यात मोठा प्रश्न हेडलाइटचा. माझ्याकडे एच४ आहे, अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये, मागे साधा रिफ्लेक्टर, प्रोजेक्टर नाही. बल्ब काढून उजेडात नीट न्याहाळला. आत दोन तारा आहेत. पुढची डिपरची, आणि तिच्या खाली पत्र्याची छोटी वाटी. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो, असं मी समजलोय. मागची अप्परची तार उघडी आहे. टोकाला काचेवर काळा लेप आहे, म्हणजे उजेड थेट समोर जायला नको. इतका विचार करून केलेल्या रचनेत एलईडीची पट्टी खुपसली तर ती वाटीचं काम तितक्याच नेमकेपणाने करते का? रात्री समोरून पांढऱ्या झगझगीत दिव्यांची गाडी आली की क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. तसं माझ्यामुळे कुणाला होऊ नये, ही माझी पहिली अट आहे. मला जास्त दिसावं ही त्यानंतरची.

प्रतिसाद

तुमची अट आवडली. आधी सोपं घेतो.

छताचा दिवा मंद राहणं हा दोष नाही. बऱ्याच गाड्यांत दिवा हळूहळू विझवणारं सर्किट असतं आणि त्यातून बंद अवस्थेतही थोडा करंट झिरपतो. तार तेवढ्याने तापत नाही म्हणून जुन्या बल्बमध्ये तो कधी दिसला नाही, एलईडीला मात्र काही मिलिअँपिअरही पुरतात. तो करंट आधीही जात होता, त्यामुळे बॅटरीची नवी काळजी नको. डोळ्यांना खुपत असेल तर बल्बला समांतर साधारण १ किलोओहमचा छोटा रेझिस्टर जोडा, झिरपलेला करंट त्यातून निघून जाईल. बल्ब काढताना प्लास्टिकची पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्ही क्लिपांना एकदम लागलं तर फ्यूज उडतो.

इंडिकेटर. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. फ्लॅशर रिलेला वाटतं बल्ब उडाला, आणि तो तुम्हाला कळावं म्हणून वेग वाढवतो. मुळात ती सोय चांगली आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांप्रमाणे इंडिकेटरची गती मिनिटाला ६० ते १२० वेळा असावी लागते. त्याबाहेर गेलेला इंडिकेटर मागच्याला गोंधळात टाकतो, म्हणून तसाच सोडू नका.

रेझिस्टर मला पटत नाही. नेहमी मिळणारा ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर एंजिन चालू असताना सव्वादोन अँपिअर ओढतो आणि पेटलेल्या प्रत्येक क्षणी ३० वॅट उष्णता काढतो. हॅझर्ड लावून गाडी थोडा वेळ उभी केली की त्याला हात लावता येत नाही. लावायचाच असेल तर बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवा. दिव्याच्या प्लास्टिकला टेपने चिकटवलेला रेझिस्टर म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय वाचवलेली वीज अशी उष्णतेत घालवायची असेल तर एलईडी लावून मिळवलं काय?

तुमच्या गाडीत वेगळा रिले असेल (बहुधा फ्यूज बॉक्समध्ये, टिकटिक तिथूनच येते) तर बल्ब किती करंट घेतो यावर (लोडवर) न चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले घ्या. पिनांची संख्या आणि क्रम जुन्याशी जुळवून पाहा. नव्या गाड्यांत टिकटिक स्पीकरमधून येते आणि काम कंट्रोल मॉड्यूल करतं, तिथे हा उपाय चालत नाही. एक लक्षात ठेवा: रिले बदलल्यावर बल्ब गेल्याची सूचना मिळणार नाही. अधूनमधून गाडीभोवती फेरी मारून स्वतः बघायची सवय लावा.

आणि घेताना पिना बघा. नारिंगी बल्बच्या, म्हणजे पीवाय२१डब्ल्यूच्या पिना समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. पांढऱ्या पी२१डब्ल्यूच्या बरोबर समोरासमोर. चुकीचा होल्डरमध्ये जाणारच नाही, जोर लावू नका.

प्रतिसाद

लाल काचेमागे लालच एलईडी. पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. (ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तोच हा.) त्याच्या उजेडात लाल भाग कमी असतो आणि लाल काच नेमका लाल सोडून बाकी सगळं अडवते. खोक्यावर आकडा मोठा दिसला तरी बाहेर पडतो फिका, गुलाबीसर उजेड. लाल एलईडीचा जवळजवळ सगळा उजेड काचेतून पार होतो.

ब्रेक लाइट हा एलईडीचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्काळ पेटतो. ताशी १०० किमीला एवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. मागच्याला तेवढं अंतर जास्त मिळतं. मात्र लावल्यावर कुणाला तरी मागे उभं करा, टेल चालू ठेवून ब्रेक दाबा आणि विचारा, फरक ठळक कळतो का? हलक्या एलईडीत टेल आणि ब्रेक जवळजवळ सारखेच दिसतात, तसे असतील तर ताबडतोब काढा. बाजूनेही बघायला सांगा. तारेचा उजेड चहूकडे पडून रिफ्लेक्टर भरायचा, एकाच दिशेला चिप असलेल्या एलईडीने मधे ठिपका आणि भोवती अंधार होतो.

दिवे लावल्यावर एफएमवर खरखर आली तर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारं आतलं सर्किट, कारण समजा, बल्ब बदला.

प्रतिसाद

हेडलाइटबद्दल स्पष्ट लिहितो: साध्या एच४ रिफ्लेक्टरमध्ये मिळेल तो एलईडी घालू नका. तुम्ही वाटीचं जे निरीक्षण लिहिलंय, सगळा मुद्दा त्यातच आहे. तारेची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेली असते आणि रिफ्लेक्टर त्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात, मधे पट्टीची जाडी. उगम थोडा सरकला की कटऑफची रेघ (जिच्या वर डिपरचा उजेड जात नाही ती) विस्कटते आणि उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला बॉनेटपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून सुधारणा झाली असं वाटतं, पण जवळचा उजेड वाढला की लांबचं उलट कमी दिसतं. पाऊस-धुक्यात तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो.

बहुतेक देशांत हॅलोजनच्या, म्हणजे तुमच्या एच४सारख्या तारेच्या बल्बच्या, घरात एलईडी बसवणं नियमात बसत नाही. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी आहे, तीही चाचणी झालेल्या गाड्यांच्या यादीपुरती. तुमच्या गाडीसाठी आणि त्याच दिव्यासाठी मान्यता असलेला मिळत असेल तरच विचार करा.

त्याआधी आहे त्या दिव्यातून पूर्ण उजेड निघतोय का बघा. एंजिन चालू, डिपर चालू, आणि मीटरने बल्बच्या कपलरवर (मागे बसणाऱ्या वायरच्या सॉकेटवर) व्होल्टेज मोजा. मग बॅटरीवर मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो: व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड साधारण ३० टक्के घटतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज घटतं. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. बल्ब जोडीने बदला, काचेला बोट लावू नका. शेवटी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून कटऑफ बघा. उजेडाचा उतार १ टक्का असेल तर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंमी खाली यायला हवी.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. इंडिकेटरला रिलेचाच मार्ग घेतो, मागे लाल एलईडी ठरले. हेडलाइट हॅलोजनच ठेवायचा हे आता पक्कं.

व्होल्टेज लगेच मोजलं. बॅटरीवर १३.९, डावीकडच्या कपलरवर १२.२, उजवीकडे त्याहून थोडं कमी. म्हणजे उजेड वायरमध्येच हरवतोय! बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकायचं म्हणतोय. एच४ ला एक रिले पुरेल की दोन लागतील?

प्रतिसाद

दोन. एक डिपरचा, एक अप्परचा. डिपरच्या दोन बल्बना मिळून ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास. वायर २.५ चौरस मिमीची घ्या, प्रत्येक रिलेला वेगळा फ्यूज, १५ किंवा २० चा, आणि तो बॅटरीला जितका जवळ बसेल तितका जवळ बसवा. फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला काहीच संरक्षण नसतं.

काम सुरू करण्याआधी कपलरच्या तीन टोकांपैकी सामाईक टोक प्लस आहे की मायनस, हे मीटरने तपासा. काही गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत, प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो. तसं असेल तर रिलेच्या कॉइलचं एक टोक बॉडीला न देता त्या सामाईक प्लसला द्यावं लागेल. मीटरवर काय दिसतं ते इथे लिहा, त्याप्रमाणे जोडणी सांगतो.