खान्देशात इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पैसे पाण्यात? नाही भाऊ

पाचोरेकर
काल एका भाऊंनी लिहिलं की खान्देशात इलेक्ट्रिक कार घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ४५ अंशात बॅटरी शिजते, कन्नड घाटात गाडी दम तोडते, गावात लाईट नसते आणि पाच वर्षांत नवी बॅटरी टाकावी लागते. खाली सगळ्यांनी ‘बरोबर, बरोबर’ केलं. त्यातल्या किती जणांनी ही गाडी महिनाभर तरी चालवली आहे? मी पावणेतीन वर्षं चालवतोय. रोज पाचोरा-जळगाव जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. म्हणून राहवलं नाही.

आधी ऊन. माझी बॅटरी ३० युनिटची. दिवाळीनंतर २१० किलोमीटर जाते, मे महिन्यात एसी सतत चालू असतो तेव्हा १८०. कंपनीच्या कागदावरचा आकडा धरून कोणी हिशेब करू नये, तो चाचणीतला आहे. दुपारी हायवेवरून तापून आलेली गाडी फास्ट चार्जरला लावली तर चार्जिंग रडतखडत होतं, हे मान्य. म्हणून मी रात्रीच लावतो, आणि शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात उभी ठेवत नाही. जळगावला निंबाची सावली शोधतो.

घाटाचं म्हणाल तर चाळीसगावहून कन्नडला चढताना टक्के भराभर उतरतात. परत येताना उतारावर त्यातले काही मिळतात. फक्त वरती बॅटरी काठोकाठ भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत वीज शिरायला जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो.

बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. पाच वर्षांचा आकडा कुठून आला? आणि लाईट म्हणाल तर १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट भरतात. माझा रोजचा खर्च पंधरा-सोळा युनिट. रात्री अकराला लावली, मध्ये दोन तास लाईट गेली, तरी सकाळी गाडी तयार.

पांझराकाठ_धुळे
तुमचा रस्ता ठरलेला, घर स्वतःचं, गाडी दारात. सगळ्यांचं तसं नसतं दादा. मी गेल्या उन्हाळ्यात धुळ्याहून सुरतेला निघालो. बायको, आई, तीन वर्षांचा मुलगा. कोंडाईबारी घाट उतरून चार्जरवर पोचलो तर मशीन बंद, ॲपवर मात्र चालू दिसत होतं. हेल्पलाइनवाला रीस्टार्ट करतो म्हणाला आणि गायब. पुढच्या चार्जरपर्यंत एसी बंद करून गेलो. पोराच्या अंगाला घामोळ्या आल्या. तिथेही आधी दोन गाड्या. डिझेलवाल्याला हे सगळं पाच मिनिटांचं काम.

आणि टोलचं बोला. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात पूर्ण टोलमाफी कुठे मिळाली? मुंबई-पुणे द्रुतगती, अटल सेतू आणि समृद्धी. समृद्धी जळगावला शिवत नाही, धुळ्याला नाही, नंदुरबारला नाही. आम्ही कर भरत नाही का?

पाचोरेकर
चार्जरचं मान्य करतो. हायवेचे चार्जर भरवशाचे नाहीत, मीही दोनदा अडकलोय. लांबचा प्रवास महिन्यात चार वेळा असेल तर आज घेऊ नका, हे मीच सांगेन. पण ‘खान्देशात कोणीच घेऊ नये’ हे कसं?

ताई_रिंगरोड_जळगाव
घरी चार्जिंग घरी चार्जिंग म्हणता, फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये सॉकेट घ्यायला आठ महिने लावले. कारण एकच, ‘आग लागेल’. २०२२ मध्ये पेटल्या त्या बहुतेक स्कूटर होत्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, हे मी सभेत चार वेळा सांगितलं. आणि घरच्या मीटरवर लावली की युनिट ३०० च्या वर जाऊन स्लॅब बदलतो, दर वाढतो, ते कोणी आधी सांगत नाही.

केळीबाग_यावल
आमच्याकडे दुसरंच झालं. भाच्याने गाडी आणली, गावच्या घरी लावली, चार्जरवर लाल दिवा. म्हणे अर्थिंग नाही. गावातल्या वायरमनने सॉकेट उघडलं, न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी तार अर्थच्या पिनला जोडली, पाच मिनिटांत हिरवा दिवा. एवढ्याशा गोष्टीचा लोक बाऊ करतात.

वायरिंगवाला_अमळनेर
भाऊ, ते आज काढा. उद्या नाही, आज.

सव्वीस वर्षं वायरिंग करतोय. न्यूट्रल तुटली की त्याच जोडातून करंट गाडीच्या पत्र्यात येतो. डीपीवर दुरुस्ती करताना तारा उलट-सुलट झाल्या तर तुटायचीही गरज नाही. चार्जर लाल दिवा दाखवतो तो तुमचा जीव वाचवायला. तुम्ही त्याला फसवलंत.

केळीबाग_यावल
वीस वर्षं घरात फ्रिज, कूलर असेच चालतात. कोणाला काही झालं नाही. शहरातून बसून शिकवायला सोपं असतं.

वायरिंगवाला_अमळनेर
मी खेड्यातलाच आहे. माझ्या चुलतभावाची दहा वर्षांची पोरगी एप्रिलमध्ये कूलरला चिकटली. अंगण ओलं, पाय उघडे. वहिनीने लाकडी पाट मारून सोडवली म्हणून आज ती शाळेत जाते. त्या कूलरलाही असंच जोडून दिलं होतं. ‘काही झालं नाही’ हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका.

पांझराकाठ_धुळे
इथे वायरिंगवाल्या भाऊंच्या बाजूने. गाडी विकताना शोरूमवाल्याने अर्थिंगचं अक्षरही काढलं नव्हतं.

ताई_रिंगरोड_जळगाव
जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. आधी तपासून घ्या, गाडी नसली तरी.

केळीबाग_यावल
आवाज चढवून बोलायची गरज नव्हती. पण भाच्याला फोन केला. सॉकेटचा कटआउट काढून ठेवायला सांगितलं. खरं अर्थिंग काय भानगड असते, ते तरी सांगा.

वायरिंगवाला_अमळनेर
बोललो ते जिवाच्या भीतीने बोललो, राग मानू नका. घराजवळ खड्डा, त्यात जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. तिथून जाड तार थेट सॉकेटपर्यंत. बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच बसवा. आणि आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंग सुटतं. मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. हे कोणी करत नाही, म्हणून मे महिन्यात लाल दिवे लागतात.

पाचोरेकर
दोन वर्षं दर मे महिन्यात माझा चार्जर मध्येच बंद पडायचा. मी बॅटरीला दोष देत होतो.

केळीबाग_यावल
मी काही गाडी घेणार नाही, माझं मत तेच आहे. पण खड्डा उद्या काढतो. पाइप किती फुटी?

वायरिंगवाला_अमळनेर
आठ-दहा फुटी, दीड इंची. मजूर लावण्याआधी फोटो टाका, जागा बघून सांगतो.