मोबाइलवर वचन लिहिणं सेवेत धरायचं का?

नवापूरकर: जय ख्रिस्त. तुरीची कामं उरकली की रात्री रविवारच्या बायबलमधल्या वचनावर पानभर लिहून टाकतो. चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "सेवा म्हणजे पाड्यावर जाणं. तू नुसती बोटं चालवतोस." तेव्हापासून हात अडखळतो. वाचणारे जेमतेम २०, त्यात एक माझी बहीणच.

धुळेकर: भाऊ, प्रेषित पौलानं तुरुंगातून पत्रंच लिहिली ना? तिथून कुठल्या पाड्यावर जाणार होता! आपल्याकडे 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला निघालं, पुढे ना. वा. टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. ती सेवा नव्हे तर काय? २० जण म्हणजे आमच्या बुधवारच्या प्रार्थनेपेक्षा जास्तच.

भुसावळची सिस्टर: रात्रपाळीत मी असलं पुष्कळ वाचते, आधारही वाटतो. पण माझे वडील आजारी होते तेव्हा एका भावानं 'विश्वास धरा' असं लांबलचक लिहून पाठवलं. राहायचा दोन गल्ल्या सोडून, आला नाही. मला तेव्हा डबा हवा होता.

नवापूरकर: ताई, हे लागलं. आमच्याही गल्लीत एक म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. तिला मराठी वाचता येत नाही. आता आमच्या मावची बोलीत लिहितो आणि तिच्या खाटेपाशी बसून वाचतो. भाकरी बायको देईल म्हणते.