‘टीका’ विभाग वेगळा ठेवावा का?

मराठी विकिपीडियावर राजकीय नेत्यांच्या लेखांत त्यांच्यावरच्या टीकेसाठी वेगळा ‘टीका’ विभाग असावा, असं काही जण म्हणतात. माझं मत उलट आहे. असा विभाग उघडला की विरोधक तिथे भर घालतात, समर्थक ‘कार्य’ विभाग फुगवतात, आणि एकाच लेखात दोन प्रचारपत्रकं तयार होतात. वाद ज्या वर्षीचा, ज्या पदावरचा, तिथेच कारकिर्दीच्या ओघात लिहा.

मराठी विकिपीडियावर खरी गोची विशेषणांची आहे. ‘लोकनेते मा. साहेबांनी तालुक्याचा कायापालट केला’ हे वाक्य संदर्भ जोडूनही तटस्थ होत नाही. कोणतं काम, कोणत्या वर्षी, कोणत्या पदावर असताना, एवढंच ठेवा. ‘ते आमदार होते’ हे आदरार्थी बहुवचन मात्र राहू द्या. ती भाषेची रीत आहे, स्तुती नव्हे.

गुन्ह्यांबाबत तर डोळ्यांत तेल घालून लिहावं. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि दोषसिद्धी या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘घोटाळ्यात अडकले’ या एका शब्दप्रयोगात चारही गडप होतात. निर्दोष सुटका झाली असेल तर तीही त्याच परिच्छेदात हवी. निवडणूक अर्जासोबतचं, नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र उमेदवाराने स्वतः दिलेलं असतं, म्हणून ‘२०१९च्या प्रतिज्ञापत्रानुसार’ असं वर्षासकट लिहा आणि सोबत स्वतंत्र बातमीचा संदर्भ द्या. जिवंत व्यक्तीबद्दलचा बिनसंदर्भ आरोप ‘संदर्भ हवा’ ही खूण लावून ठेवायचा नसतो, तो लगेच काढायचा. काढल्यावर लेखाच्या चर्चा पानावर कारण लिहा, नाहीतर संपादनयुद्ध पेटतं, म्हणजे एकमेकांचे बदल उलटवणं सुरू होतं.