मदत हवी आहे : दिवंगत मित्राच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेट कशा वाचवाव्यात?

धुळ्यातील शाळेत २२ वर्षे माझ्या शेजारच्या वर्गावर मराठी शिकवणारे माझे जिवलग मित्र गेल्या महिन्यात वारले. सुट्ट्यांत साक्री, शिरपूर, अमळनेरकडच्या खेड्यांत फिरून त्यांनी आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाई देवीच्या उत्सवाची आणि जात्यावरची अहिराणी (खानदेशातल्या बोलीतली) गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्या साठ कॅसेट वहिनींनी आता माझ्या हाती सोपवल्या आहेत. काही फितींवर पांढरी बुरशी दिसते, आणि ती टेपरेकॉर्डरमार्फत इतर फितींनाही लागू शकते, म्हणून मी एकही वाजवलेली नाही. गाणे संपल्यावर आजीबाईंना ‘पुन्हा एकदा म्हणा’ अशी विनवणी करणारा त्यांचा आवाजही त्यांत आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोच सर्वांत आधी वाचवायचा आहे. फिती स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणारे जाणकार जळगाव, धुळे किंवा नाशिक परिसरात कोणाला माहीत आहेत का?