ओटीजीमध्ये जर्मन पद्धतीचा कोबी-खिमा करायचा आहे, मार्गदर्शन हवं

अमळनेरची_आई
नमस्कार मंडळी. माझी सून एरफुर्टची, जर्मनीत थुरिंगिया भागातली. जानेवारीत ती पहिल्यांदाच आमच्याकडे अमळनेरला राहायला येतेय. तिची आजी शिख्टकोल करायची, म्हणजे कोबीच्या पानांचे आणि खिम्याचे थर लावून भट्टीत भाजलेला पदार्थ. आजी आता नाही. तो पदार्थ मला तिला या घरात करून वाढायचा आहे.

मुलाने आजीच्या वहीतलं पान वाचून सांगितलं: कोबी 1 किलो, खिमा 500 ग्रॅम, कांदे, मिरी, क्युमेल, मायोरान, वरून हाडांचं पाणी. खिमा अर्धा डुकराचा, अर्धा गाईचा. आमच्या घरात बोकडाचाच येतो, तो चालेल का? ओटीजी 28 लिटरचा आहे, आजवर त्यात केक आणि नानकटाईच झाली. क्युमेल म्हणजे आपलं जिरंच का? जाऊबाईंचा आग्रह आहे की चमचाभर काळा मसाला घाल, नाहीतर घरात कोणी खाणार नाही. मला ते पटत नाही.

धुळेकर_लायप्झिगवाला
काकू, मी लायप्झिगला नोकरीला होतो तेव्हा घरमालकीणबाई हा पदार्थ थंडीत नेहमी करायच्या. बोकडाचा खिमा चालतो, पण त्यात चरबी हवी. डुकराच्या खिम्याची चरबी कोबीत उतरते, चव तिथेच तयार होते.

क्युमेल म्हणजे जिरं नव्हे. किराणा दुकानात शहाजिरं मागा आणि दोन दाणे चावून बघा. बडीशेपेकडे झुकणारी चव आली तर घ्या. लहान चमचाभर पुरे. साधं जिरं घातलंत तर सूनबाईंना पहिल्या घासालाच कळेल. मायोरान मात्र तुमच्या दारात असेल, तो आपला मरवा! वेणीत माळतात तोच. फुलवाल्याकडचा नको, त्यावर काय फवारलंय सांगता येत नाही. कुंडीतल्या मरव्याची पानं सावलीत वाळवून चुरडा.

कोबीचा दांडा कोरून काढा आणि अख्खा गड्डा मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा. वरची पानं आपोआप सुटू लागतात, तशी चिमट्याने काढत जा. प्रत्येक पानाची जाड शीर सुरीने तासून सपाट करा, म्हणजे थर नीट बसतात. मग पानं कापडावर पसरून कोरडी करा. हे टाळू नका. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वरचं आणखी पाणी गेलं की भाजण्याऐवजी सगळं उकडतं.

खिमा पसरट कढईत, मोठ्या आचेवर, अर्धा-अर्धा करून दोनदा परता. सुटलेलं पाणी आटून तळाला तपकिरी खरपूस धरू लागेल तोवर हलवत बसू नका. या पदार्थात मसाला नाही, जी चव आहे ती या खरपुसाची. कांदा त्यातच परता, मिरी, शहाजिरं, मरवा घाला आणि वाटीभर हाडांच्या पाण्याने कढई खरवडून घ्या. तेच पाणी थरांवर ओतायचं. खाली-वर कोबी, मध्ये खिमा. फॉइलने घट्ट झाका, दोन्ही रॉड चालू, 180 अंशांवर तासभर. मग फॉइल काढून पंधरा-वीस मिनिटं, वरच्या पानांच्या कडा करपट-तपकिरी होईपर्यंत.

आणि काळा मसाला नकोच. जाऊबाईंना शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा करू द्या, घर खूश होईल. आजीचं ताट आजीच्या चवीचंच राहू द्या.

भुसावळ_रसोई
ताई, खिमा मांडीचा घेऊ नका, कोरडा पडतो. खांद्याचा घ्या आणि गुर्द्याजवळची थोडी चरबी त्यातच टाकून मशीनमधून एकदाच काढायला सांगा. बोकडाची चरबी पटकन थिजते, ताटं मांडून झाल्यावरच ट्रे बाहेर काढा. कोबी जानेवारीत छान घट्ट मिळतो. हातात जड लागेल तो घ्या.

अमळनेरची_आई
मरवा अंगणातच आहे हो! आजच तोडून सुपात पसरते. एकच शंका, मध्येच वीज गेली तर?

धुळेकर_लायप्झिगवाला
तर जाड बुडाच्या पातेल्यात तेच थर लावा, झाकण बसवा आणि मंद गॅसवर ठेवा. जर्मनीतही खिमा-कोबी पातेल्यात शिजवतात, त्याला श्मोरकोल म्हणतात. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवा, वरचा थरही भाजला जाईल. सोबत सोललेले बटाटे मिठाच्या पाण्यात उकडून द्या, आणि तळाला उरलेला रस त्यांच्यावर ओता. तो टाकू नका, घरमालकीणबाई आधी तोच वाढायच्या.