विषय: फ्रेंड्स स्कूलच्या बोर्डावर जावं का?

प्रेषक: न., फिलाडेल्फिया

नमस्कार मंडळी,

धाकटी सहावीत आहे, इथल्याच एका क्वेकर शाळेत (क्वेकर म्हणजे मौनात बसून प्रार्थना करणारा ख्रिस्ती पंथ; त्यांनाच फ्रेंड्सही म्हणतात). बारा वर्षं शाळा सांभाळणाऱ्या हेड, म्हणजे मुख्याध्यापिका, जूनमध्ये जाणार असं पत्र आलं आणि पाठोपाठ पुढच्या वर्षीच्या वाढीव फीचं. त्यातच परवा शाळेतून फोन आला, बोर्डावर, म्हणजे शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, याल का म्हणून. मी एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये काम करते, हे त्यांना माहीत होतं. मी क्वेकर नाही. पालक म्हणून मुलांच्या मौनसभेला एकदा बसले आहे, तेवढाच संबंध. तिथे म्हणे मतदानच होत नाही. मग पैशाचे निर्णय होतात कसे? कोणी आत राहून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

— न.

प्रेषक: अ., न्यू जर्सी

ताई,

अशाच एका शाळेच्या बोर्डावर मी तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती काढल्या. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिथल्या माणसांचं आहे.

मतदान नसतं हे खरं. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, ही क्वेकरांची मूळ श्रद्धा. मग खरं काय ते कोणाच्याही तोंडून येऊ शकतं, आणि सातजणांनी हात वर केले म्हणून आठव्याचं बोलणं संपत नाही. बैठक मौनाने सुरू होते. एकजण बोलला की लगेच दुसरा तोंड उघडत नाही. बोर्डाच्या प्रमुखाला अध्यक्ष न म्हणता क्लार्क म्हणतात. आपल्याकडे कारकून म्हटलं की कोपऱ्यातलं टेबल डोळ्यासमोर येतं. इथे मात्र सभेचं मन ओळखून ते शब्दांत मांडणं हेच मोठं काम मानलेलं आहे. क्लार्क मसुदा वाचून दाखवतात, तिथल्या तिथे शब्द बदलतात, सगळे 'मान्य' म्हणाले की ते 'मिनिट', म्हणजे निर्णयाची नोंद, झालं. पटलं नसेल तर 'मी बाजूला होतो' म्हणता येतं, म्हणजे मतभेद नोंदवला पण वाट अडवली नाही. अगदीच मनाविरुद्ध असेल तर अडवताही येतं. सहा वर्षांत तसं एकदाच झालं, आणि त्या बाईंचं बरोबर होतं असं मला आज वाटतं.

आता पैशाचं. आमच्याकडेही हेड गेले. वर्षभरासाठी इंटरिम हेड आणले, सर्च कमिटी बसली. पटसंख्या घटत होती. कागदावरची फी आणि हातात येणारी फी यांत फार अंतर असतं: समजा फी शंभर, पण सवलती देऊन सरासरी सत्तरच हाती येते. फी वाढवली की सवलत मागणारेही वाढतात. तूट भरायला एंडावमेंट, म्हणजे देणग्यांतून साठवलेला शाळेचा कायम निधी, होती. त्यातून वर्षाला साधारण चार-पाच टक्के काढावेत असा शाळांमधला रिवाज. आम्ही त्याच्या बरेच पुढे गेलो होतो, म्हणजे बियाणं दळून खात होतो.

हे सगळ्यांना दिसत होतं. तरी दर बैठकीत कोणीतरी म्हणायचं, 'हा निर्णय नव्या हेडचा आहे, त्यांचे हात आत्ताच कशाला बांधायचे?' ऐकायला किती समंजस वाटतं! मग शांतता पसरायची आणि विषय पुढच्या महिन्यात जायचा. आम्हाला ते मौन प्रार्थनेचं वाटत होतं. खरं तर ती भीती होती. शेवटी निवडीच्या अगदी टोकाला आलेल्या एका उमेदवाराने तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागितले, ते वाचले आणि नम्रपणे नकार कळवला. आमचं एक वर्ष गेलं. त्या वर्षात दोन चांगले शिक्षक गेले, त्याची बोच मला अजून आहे.

म्हणून तुम्ही जा असंच सांगेन, पण हिशेब हेडच्या शोधाआधी टेबलावर आणायला लावा. शाळा किती वर्गांची असावी, सवलतीचं प्रमाण काय, हे बोर्डानेच ठरवायचं असतं. येणाऱ्या माणसाने ते येऊन ठरवावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

फिलाडेल्फियातच फ्रेंड्स कौन्सिल ऑन एज्युकेशन ही क्वेकर शाळांची संघटना आहे, १९३१ पासून. क्वेकर नसलेल्या ट्रस्टींनाही ते ही पद्धत शिकवतात. पहिल्या बैठकीआधी त्यांच्याकडे जाऊन या.

— अ.

प्रेषक: वै., केंब्रिज

मी इंग्लंडमधून लिहिते आहे, थोडं कडक वाटलं तर समजून घ्या. इथून जवळच सॅफ्रन वॉल्डनला क्वेकरांची शाळा होती. १७०२ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये सुरू झालेली, मग क्रॉयडन, आणि १८७९ पासून सॅफ्रन वॉल्डन. २०१६ मध्ये नाव बदलून वॉल्डन स्कूल केलं आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ती बंद झाली. तीनशे पंधरा वर्षं! माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची दोन मुलं तिथे होती. ऐन उन्हाळ्यात ती दुसरी शाळा शोधत फिरत होती. धाकट्याने जुन्या शाळेचा स्वेटर कितीतरी दिवस अंगातून काढला नव्हता.

तुमच्याकडे पेन चार्टर ही क्वेकर शाळा १६८९ ची आणि ॲबिंग्टन १६९७ ची, म्हणून सांगते: इतकी वर्षं टिकली म्हणजे पुढेही टिकेल, असं बोर्डाला वाटायला लागतं. इथे आता तर १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट आला आणि एप्रिलपासून मालमत्ता करातली धर्मादाय सवलतही गेली. साधेपणा आणि समता शिकवणारी शाळा हळूहळू श्रीमंतांनाच परवडणारी होते, हे इथल्या क्वेकरांना फार लागतं.

अ., सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं हे मला अजूनही पटत नाही. बँक थांबत नाही, आणि आईबापांना तर निदान एक सत्र आधी कळायला हवं.

— वै.

प्रेषक: द. काका, डेलावेअर

वै., तुझं म्हणणं रास्त आहे. पण एकमताला वेळ लागतो तो कुठे, हे पाहायला हवं. आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे. देवाजी तोफांचं गाव. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते, आणि त्याच गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. सर्वसहमतीने काम अडतं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. त्यांची खुबी अभ्यासगटात आहे. गटात विषय पिंजायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा. निर्णय तिथे होत नाही, तो ग्रामसभेचा. पण सभेत येणारा माणूस माहितीनिशी येतो.

क्वेकरांकडेही अगदी हेच आहे. त्याला ते थ्रेशिंग मीटिंग म्हणतात. म्हणजे आपली मळणी! दाणा आणि भूस वेगळं करायचं, ठरवायचं काही नाही. अ.च्या बोर्डाने मळणी न करताच थेट मौनात बसायचं ठरवलं, असं मला त्याच्या पत्रावरून वाटतं.

जाता जाता: मार्जरी साइक्स ही इंग्लंडहून आलेली क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, कामात होती. तेव्हा न., परक्यांच्या घरात चाललो असं मानू नकोस.

— द.

प्रेषक: अ., न्यू जर्सी

काका, खरं आहे. मळणीच्या बैठका आम्ही घेतल्या, पण उमेदवार गेल्यावर. दोन शनिवार, सगळे आकडे भिंतीवर, शिक्षकही बोलावलेले. तिथे लोक चिडले, एकजण रडला. त्यानंतरच्या बोर्डाच्या बैठकीत दोन वर्ग कमी करण्याचा निर्णय चाळीस मिनिटांत मान्य झाला. वै., म्हणून सांगतो, उशीर एकमतामुळे झाला नव्हता.

— अ.

प्रेषक: न., फिलाडेल्फिया

सगळ्यांचे मनापासून आभार. काल क्लार्कना भेटले. हेडचा शोध जाहीर होण्याआधी तीन वर्षांचे हिशेब, एंडावमेंटमधून दरवर्षी किती काढलं तो तक्ता, आणि शिक्षकांसह एक मळणीची बैठक, एवढं मागितलं. 'मळणी' हा शब्द मराठीतच सांगितला आणि शेतात काय करतात तेही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, बैठक जानेवारीत घेऊ या, आणि फी वाढीच्या पत्रात पालकांना आकडे द्यायला हवे होते, ते राहिलं.

मी हो म्हटलं आहे. कागद मंगळवारी मिळतील. अ., एका संध्याकाळी फोनवर माझ्याबरोबर ते वाचाल का?

— न.